मताधिकार : सेल्मा ते डोंबिवली

२० मे २०२४, सोमवार. लोकसभा निवडणुकीच्या पाचव्या टप्प्यात ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर या मतदारसंघांत मतदान होते. वैशाखाच्या उकाड्यात डोंबिवलीतल्या शाळांच्या फाटकांबाहेर रांगा लागल्या. त्या रांगांपासून थोड्या अंतरावर, कार्यकर्त्यांच्या टेबलांभोवती, दुसरी एक गर्दी होती. तिथे मतदार यादीची पाने उलटली जात होती आणि हातात छायाचित्र ओळखपत्र असलेली माणसे आपले नाव शोधत होती. कुणाचे नाव दुसऱ्याच केंद्राच्या यादीत निघाले, कुणाच्या घरात पत्नीचे नाव होते आणि पतीचे नव्हते, तर कुणाचे पूर्वीच्या निवडणुकीत असलेले नाव या वेळी वगळले गेले होते. त्यांतले काही उन्हात दोन-तीन केंद्रे फिरून मत न देताच घरी परतले.

संध्याकाळी टक्केवारी जाहीर झाली आणि नेहमीची चर्चा सुरू झाली. कल्याण मतदारसंघ २००९ मध्ये अस्तित्वात आला, तेव्हा तेथे जेमतेम एकतृतीयांश मतदारांनी मत दिले होते. २०१४ मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास गेले, २०१९ मध्ये ४५ आणि २०२४ मध्ये ५० टक्क्यांच्या घरात. आलेख चढता आहे हे खरे. पण व्याख्यानमाला, ग्रंथालये आणि नाट्यगृहे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसराला निम्म्यावर समाधान मानावे लागावे, ही बोचणारी गोष्ट आहे. सुशिक्षित मध्यमवर्गाला सुट्टी मिळाली की तो लोणावळ्याला जातो, हा ठपका दर निवडणुकीनंतर ठेवला जातो आणि त्यात तथ्यही आहे. तथापि जो मतदानाला गेलाच नाही आणि जो जाऊन परत आला, त्या दोघांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे आहे.

टक्केवारीच्या हिशेबात एक गफलतही दडलेली असते. ही टक्केवारी निघते ती यादीतील नावांच्या संख्येवरून. समजा, एका केंद्राच्या यादीत १,००० नावे आहेत. त्यांतली १५० माणसे घर सोडून बदलापूरला किंवा पुण्याला गेली आहेत, काही निवर्तली आहेत. उरलेल्या ८५० जणांपैकी ५०० जणांनी मत दिले, तर कागदावर ५० टक्के मतदान दिसते; प्रत्यक्षात ते ५९ टक्क्यांच्या जवळ असते. याउलट ज्याचे नाव चुकीने गळले, तो या हिशेबात कुठेच येत नाही. तो ना मतदान करणाऱ्यांत, ना न करणाऱ्यांत. भाड्याची घरे दर ११ महिन्यांनी बदलणाऱ्या, जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या करणाऱ्या आणि दरवर्षी नव्या कुटुंबांना सामावून घेणाऱ्या ठाणे-कल्याण पट्ट्यात या दोन्ही दोषांचे प्रमाण मोठे असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. हा दोष एकट्या कल्याणचा मात्र नाही. एप्रिल २०१४ मध्ये मुंबई-पुण्यातून अशाच तक्रारी आल्या, तेव्हा निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली होती.

मताचा अधिकार राज्यघटनेत लिहिलेला असणे आणि मत यंत्रापर्यंत पोहोचणे, या दोहोंमध्ये एक कार्यालय असते, एक नोंदवही असते आणि ती नोंदवही सांभाळणारा एक कारकून असतो. या मधल्या जागेत काय घडू शकते, याचा सर्वांत कठोर धडा अमेरिकेच्या इतिहासात सापडतो.

यादवी युद्धानंतर १८७० मध्ये अमेरिकेने आपल्या घटनेत १५वी दुरुस्ती केली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणास्तव कोणत्याही नागरिकाचा मताधिकार नाकारता येणार नाही, अशी ती ग्वाही होती. त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षे दक्षिणेकडील राज्यांत कोट्यवधी कृष्णवर्णीय नागरिक मतदानापासून वंचित राहिले. ते कसे? ‘काळ्यांना मत नाही’ असे कायद्यात कुणीही लिहिले नाही. लिहिण्याची गरजच पडली नाही. मत द्यायचे तर डोईपट्टी भरा, असा नियम झाला. अक्षरओळखीची परीक्षा आली. तीत घटनेतील एखादे कलम वाचून त्याचा अर्थ सांगायचा आणि उत्तर बरोबर की चूक हे गोऱ्या कारकुनाने ठरवायचे. मग या परीक्षेत गरीब, निरक्षर गोरेही नापास होऊ लागले, तेव्हा ज्याचा आजा युद्धापूर्वी मतदार होता त्याला परीक्षा माफ, अशी तरतूद निघाली. गुलामाचा आजा मतदार कुठून असणार? ही आजोबांची सवलत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये रद्द केली. परीक्षा मात्र चालूच राहिल्या.

अलाबामा राज्यातील सेल्मा या गावात तर केवळ कार्यालयाची वेळ पुरेशी ठरली. मतदार नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोनच दिवस, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी उघडे असे. मजुरी बुडवून आलेल्या माणसांची रांग दिवसभर उभी राही आणि संध्याकाळी दार बंद होई. त्या परगण्यातील पात्र कृष्णवर्णीयांपैकी शेकडा तीन जणांचेही नाव यादीत नव्हते. ७ मार्च १९६५ रोजी या अन्यायाविरुद्ध निघालेल्या मोर्चावर सेल्माच्या पुलावर घोडेस्वार पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. ती दृश्ये दूरचित्रवाणीवरून घराघरांत गेली आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला अध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी केली. मिसिसिपी राज्यात १९६४ मध्ये पात्र कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातही नोंदलेले नव्हते; १९६७ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. माणसे तीच होती, त्यांची साक्षरताही तीच होती. बदलला होता तो नोंदणीच्या खिडकीमागचा माणूस.

या चळवळीचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये महिनाभर भारतात येऊन गेले होते, हे अनेकांना ठाऊक आहे. ‘वंश’ या शब्दाचा चटका त्याच देशात हिंदुस्थानच्या माणसालाही बसला होता, हे तितकेसे ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात काम केलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि हिंदू त्यात बसत नाही, असा तो निवाडा होता. (‘हिंदू’ हा शब्द तेथे शिखांसह सर्व भारतीयांना लावला जात असे.) त्या निवाड्यानंतर, आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. थिंड यांचे वकील होते अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित. १९१४ मध्ये मिळालेले त्यांचे स्वतःचे नागरिकत्व रद्द करण्यासाठीही सरकार न्यायालयात गेले. पंडित लढले आणि जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. बाकीच्या भारतीयांना नागरिकत्वाची, म्हणजे पर्यायाने मताची, वाट १९४६ पर्यंत पाहावी लागली. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे मराठी गृहस्थ अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसतात. २०२२ मध्ये ते निवडून आले तो मतदारसंघ डेट्रॉइटचा, जेथे कृष्णवर्णीय मतदारांची संख्या फार मोठी आहे. सखाराम पंडितांच्या काळी असे काही होईल, हे कुणाला खरे वाटले नसते.

आपल्याकडे इंग्रजांनी मताचा हक्क दिला तोही मापूनमोजूनच. १९१९ च्या कायद्याने शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर यांच्या पायऱ्या ठरवल्या आणि देशातील जेमतेम तीन टक्के लोक मतदार झाले. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये स्त्रियांचा लिंगावरून असलेला अडसर दूर झाला, पण मालमत्तेची अट राहिलीच. ज्या घरात जमीन पुरुषाच्या नावावर, तिथे तो हक्क कागदावरच राहिला. १९३५ च्या कायद्यानेही मताधिकार लोकसंख्येच्या सातव्या हिश्श्यापर्यंतच पोहोचला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे गेले, तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते. ज्याला शतकानुशतके मालमत्ता धारण करू दिली नाही, त्याच्याकडे मतदार होण्यासाठी मालमत्तेचा दाखला मागणे, ही कोणती नीती? त्यांच्या मागणीच्या मुळाशी हा प्रश्न होता. अस्पृश्यांसाठी पात्रतेची पायरी खाली आणा, असे त्यांनी तेथे सांगितले आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे तर थेट प्रौढ मताधिकाराची मागणी केली. सेल्मातील परीक्षा आणि मुंबई इलाख्यातील साऱ्याची पावती यांत तत्त्वतः फारसा फरक नाही, हे त्यांनी सेल्माच्या किती आधी ओळखले होते!

दुसरीकडे १९०९ पासून मतदारांची धर्मावरून वाटणी झाली होती. विभक्त मतदारसंघांनी मतदाराला भारतीय म्हणून नव्हे, तर पंथाचा घटक म्हणून पेटीपाशी नेले आणि त्याचा शेवट फाळणीत झाला. ‘एक व्यक्ती, एक मत’ ही भूमिका स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९३७ मध्ये कर्णावतीच्या अध्यक्षीय भाषणात जात, पंथ, वंश न पाहता मांडली होती. ऑगस्ट १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने विभक्त मतदारसंघ मोडीत काढण्याची शिफारस केली. पुढे घटनेच्या ३२५व्या कलमात लिहिले गेले की, प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कुणाचेही नाव तीतून वगळले जाणार नाही. ३२६व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. अमेरिकेत १५वी दुरुस्ती आणि १९६५ चा कायदा यांच्यामध्ये ९५ वर्षे गेली. आपल्याकडे हक्क आणि यादी एकाच वेळी तयार होत होती.

या यादीची कथा ठाणे जिल्ह्याने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपले, बराकी रिकाम्या पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून जीव आणि धर्म घेऊन निघालेले सुमारे एक लाख हिंदू त्या बराकींमध्ये येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिचे नाव उल्हासनगर झाले. हे होत असतानाच, घटना पूर्ण होण्याच्याही आधी, संविधान सभेच्या सचिवालयाने देशभर मतदारांच्या कच्च्या याद्या करायला घेतल्या होत्या. यादीत नाव यायला ठरावीक दिवसांचे, १८० दिवसांचे, वास्तव्य लागे. निर्वासिताने ते कुठून दाखवायचे? त्याच्याकडे भाड्याची पावती नाही, साऱ्याचा उतारा नाही, काही वेळा नागरिकत्वाचाही निर्णय झालेला नाही. नियमावर बोट ठेवले असते, तर देशाच्या पहिल्या निवडणुकीतून लाखो माणसे सहज बाहेर राहिली असती. सचिवालयाने वेगळा मार्ग काढला. या ठिकाणी कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे, एवढे निर्वासिताने जाहीर केले की त्याचे नाव कच्च्या यादीत घ्यावे, पुढची पडताळणी पुढे करावी, अशा सूचना गेल्या. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, दंगलींनी होरपळलेल्या आणि पैशाने खंगलेल्या देशाच्या कारकुनांनी ही उदारबुद्धी दाखवली. आज उल्हासनगर हा कल्याण लोकसभा मतदारसंघाचाच एक भाग आहे.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे आणखी एक पेच उभा राहिला. यादीसाठी घरोघर गेलेल्या गणकांना अनेक स्त्रिया आपले नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच त्या सांगत. सेन यांनी असे मतदार नोंदवण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची, बहुतेक उत्तरेकडच्या, नावे वगळली गेली. हा निर्णय निष्ठुर होता; पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या पुष्कळ स्त्रियांनी आपली नावे सांगितली. स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावाने ओळखणारी सरकारी वही त्या घरात पहिल्यांदाच आली असेल. गंमत अशी की, साठ-सत्तर वर्षांनंतर डोंबिवलीतल्या उच्चशिक्षित घरात हा पेच दुसऱ्या टोकाने हजर होतो. लग्नानंतर आडनाव बदललेले, आधारपत्रावर एक नाव, यादीत दुसरे आणि माहेरच्या केंद्रावर तिसरेच. दुरुस्तीसाठी आठ क्रमांकाचा अर्ज असतो. तो भरायचा राहून गेलेला असतो.

मतदार यादी सरकारने स्वतः घरोघर जाऊन तयार करावी, ही भारताची रीत आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नोंदणीचे ओझे पूर्वापार नागरिकावर आहे. तेथे ओळखपत्राची सक्ती करावी की नाही, यावर दोन दशके कडाक्याचे वाद चालू आहेत. भारतीय माणसाला या वादाचे प्रथम नवल वाटते, कारण शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, आपल्याकडे छायाचित्र ओळखपत्रे आली ती सरकारने मतदाराला बनवून दिली म्हणून. ओळखपत्र नसेल तर पर्यायी कागदपत्रेही चालतात. ज्या देशात ओळखपत्र मिळवण्यासाठी गरिबाला एक दिवसाची मजुरी आणि पन्नास मैलांचा प्रवास खर्च करावा लागतो, तेथे ती सक्ती वेगळी दिसते. ओहायो राज्यात तर सलग काही वर्षे मत न दिलेल्या मतदाराला एक पत्र पाठवतात. त्याचे उत्तर आले नाही आणि पुढेही त्याने मत दिले नाही, तर नाव काढून टाकतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही पद्धत वैध ठरवली. त्याआधी २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने १९६५ च्या कायद्यातील एक मोठा आधार काढून घेतला होता. वांशिक भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. ते बंधन त्या निकालाने व्यवहारात संपले. मत न दिल्यामुळे भारतात कुणाचे नाव जात नाही. नाही तर डोंबिवलीच्या यादीची पाने फारच पातळ झाली असती!

यादी शुद्ध असली पाहिजे, यावर दुमत नसावे. एकाच माणसाचे नाव गावी आणि इथे, अशा दोन ठिकाणी असणे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याला मान्य नाही. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या गावी घर आहे एवढ्यावरून तेथील मतदार होता येत नाही, हेही त्याच कायद्यात स्पष्ट आहे. चाकरमान्यांच्या अनेक कुटुंबांनी याचा प्रामाणिकपणे विचार करायला हवा. आणि परक्या देशातून अवैध मार्गाने आलेल्याचे नाव यादीत असता कामा नये, ही मागणी तर सर्वस्वी रास्त आहे. तथापि शुद्धीकरणाचीही एक रीत असते. लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्याला नोटीस दिल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय ते काढता येणार नाही. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात कच्च्या यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली, तेव्हाही न्यायालयाने ही नावे कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. ही रीत घुसखोराच्या सोयीसाठी नाही. ती पाळली गेली नाही, तर पहिला बळी जातो तो घर बदललेल्या पेन्शनराचा आणि सासरी आलेल्या मुलीचा. सात क्रमांकाचा आक्षेप अर्ज भरताना खोटे निवेदन करणे हा गुन्हा आहे, याचे भान कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने ठेवावे.

नाव यादीत असूनही मत हिरावले जाऊ शकते, याचा अनुभव ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीने नुकताच घेतला. कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली आणि तिची मुदत २०२० मध्ये संपली. ठाण्याची निवडणूक २०१७ ची, मुदत २०२२ पर्यंत. घटनेच्या २४३-यू या कलमानुसार मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. प्रथम महासाथ आली, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात गेला आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्यास बजावले, त्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. म्हणजे २०१६ मध्ये १८ वर्षांचा झालेला डोंबिवलीकर २८ वर्षांचा होईपर्यंत आपल्या नगरसेवकासाठी एकदाही मत देऊ शकला नाही. या काळात रस्ते, पाणी, कचरा यांचे निर्णय थांबले नाहीत. शेवटी निवडणूक आली, तीही काही जागांवर बिनविरोध झाली आणि त्या जागांपुरती मतदाराची वेळच आली नाही.

हद्दीचा प्रश्न त्याहून जुना आहे. कल्याणलगतची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली आणि त्यानंतरही काही गावे वेगळी करण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तेथील ग्रामस्थ कधी ग्रामपंचायतीचा मतदार, कधी महापालिकेचा. अमेरिकेत १९५७ मध्ये टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून २८ बाजूंची चित्रविचित्र आकृती काढली गेली. तीतून सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सारे शहराबाहेर पडले. १९६० मध्ये न्यायालयाने ती हद्द रद्द ठरवली. कल्याणच्या २७ गावांत वंशाचा प्रश्न नाही आणि ही तुलना त्यापुढे ताणू नये. रेषा कुठून काढली यावर मताची किंमत ठरते, एवढेच या दोन्ही ठिकाणी समान आहे.

ठाणे जिल्ह्यात सेल्माच्या जवळ जाणारे कुणी असेल, तर ते कातकरी. केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या सूचीत महाराष्ट्रातील तीन जमाती आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि कल्याण तालुक्यांतल्या वाड्यांवर राहणाऱ्या या कुटुंबांपैकी अनेकांच्या नावावर जमीन नाही, घराखालची जागाही दुसऱ्याची. जन्माचा दाखला नाही, म्हणून जातीचा नाही. जातीचा नाही, म्हणून योजना नाही. त्यांना कुणी बंदी केलेली नाही. कायदा त्यांच्या बाजूने आहे. निवडणूक आयोगाने २०२४ पूर्वी अशा जमातींच्या नोंदणीसाठी खास मोहीमही घेतली.

अडचण आहे ती पंचांगाची. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. मुलेबाळे, कोंबड्या, भांडी, सारे बरोबर. पहिल्या पावसाच्या सुमारास परततात. लोकसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये असते, तेव्हा नाव वाडीच्या यादीत आणि माणूस भट्टीवर. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याची सक्ती १९९६ पासून कायद्यात आहे आणि रोजंदारीच्या कामगारालाही ती लागू आहे. पण विटांच्या हजारावर मजुरी मोजणाऱ्या आणि उचलीचे कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला सुट्टी कोण देणार? अमेरिकेत १८४५ पासून निवडणूक मंगळवारी होते, त्या दिवशी देशभर सुट्टी नसते, आणि घड्याळी तासांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराची अडचण यापेक्षा फार वेगळी नाही.

उपाय सुचत नाहीत असे नव्हे. काश्मीर खोऱ्यातून १९९० मध्ये परागंदा झालेल्या हिंदूंसाठी आयोगाने जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे खास मतदान केंद्रे ठेवली. खोऱ्यातल्या आपल्या मूळ मतदारसंघासाठी ते तेथून मत देतात. स्थलांतरितांना दूरवरून मत देता यावे यासाठी जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने ७२ मतदारसंघांची सोय असलेले यंत्र राजकीय पक्षांपुढे ठेवले. पक्षांच्या हरकतींमुळे ते पुढे गेले नाही. ८५ वर्षांवरील वृद्धांसाठी २०२४ मध्ये घरी मतदान झाले, मोठ्या गृहसंकुलांत केंद्रे आली. शहापूरची वाडी आणि भिवंडीची भट्टी तर एकाच जिल्ह्यात आहेत. मतदानाच्या दिवशी भट्टीवरून वाडीपर्यंत एक वाहन जाऊन येणे, हे कुठल्याही यंत्राहून स्वस्त काम आहे. अर्थात उमेदवाराच्या वतीने मतदारांची ने-आण करणे हा भ्रष्ट व्यवहार ठरतो. ते काम प्रशासनाकडूनच करून घ्यावे लागेल.

नोंदणीचे मात्र तसे नाही. त्यात कुणालाही हात लावता येतो. यादीच्या वार्षिक पुनरीक्षणात हरकती आणि दावे घेण्याची मुदत बहुधा दिवाळीच्या आगेमागे पडते, म्हणजे नेमकी भट्टीवर निघण्याच्या वेळी. परंतु सहा क्रमांकाचा अर्ज वर्षभर भरता येतो आणि २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना १८ वर्षे पूर्ण करणारा त्यासाठी पात्र आहे. मृगापासून नवरात्रापर्यंत वाडी भरलेली असते. शनिवार-रविवारी डोंबिवलीहून सकाळच्या आसनगाव लोकलने निघालेला माणूस दुपारपर्यंत दोन वाड्या करून, केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे अर्ज पोहोचवून संध्याकाळी घरी येऊ शकतो. आणि निघण्यापूर्वी त्याने आपल्याच इमारतीच्या यादीचे पान एकदा उघडून पाहिले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचा आठ क्रमांकाचा अर्जही त्याच खेपेत जाईल.